चार आलेखांचं एक चित्र

पाव मधोमध बसायला लागला, तेव्हा कारखान्यातल्या प्रत्येक विभागाने सर्वात आधी काय केलं असेल, तर स्वतःचा आलेख काढला.

बसलेला पाव ज्याने बघितला नसेल त्याला सांगायला हवं. भट्टीतून येतो तो रंगाने तांबूस, वासाने खमंग, कडेने उंच, आणि मध्ये मात्र कुणी कोपर टेकवून गेल्यासारखा खड्डा. चवीला काही वाईट नसतो. पण दुकानात त्याला कुणी हात लावत नाही आणि दुकानदार तो परत पाठवतो. रोज नाही, पण आठवड्यातून दोनतीनदा सकाळच्या पाळीत ट्रॉल्याच्या ट्रॉल्या बसायला लागल्या, आणि मॅनेजरच्या खोलीतली सोमवारची बैठक भट्टीपेक्षा जास्त तापायला लागली.

बैठकीला जो तो आपला कागद घेऊन यायचा. मळलेलं पीठ साच्यांत घालून जिथे फुगायला ठेवतात त्या दमट, गरम खोलीला तिथे ऊब-खोली म्हणत. ती सांभाळणाऱ्या मावशी तापमानाची रेघ पुढे सरकवून म्हणायच्या, "माझ्याकडून गेलं तेव्हा टम्म फुगलेलं होतं." वायरमन विजेची रेघ दाखवून म्हणायचा, वीज पुरेपूर मिळतेय. पॅकिंगचे काका कुठली ट्रॉली भट्टीत कधी शिरली आणि तिच्यातले किती पाव बसले याचे खांब रंगवून आणायचे, आणि ते खांब उंच आले की स्वतःच दचकायचे. एकाचा कागद सोमवारपासून सुरू व्हायचा, दुसऱ्याचा गुरुवारपासून. मावशींच्या कागदावर मापं शून्यापासून शंभरापर्यंत होती, त्यामुळे खोली चार-पाच अंशांनी थंड झाली तरी त्यांच्या रेघेला सुरकुतीसुद्धा पडायची नाही. आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे रेघा मारून सिद्ध करण्याचीच ती बैठक होती.

भट्टीच्या रेघेत मात्र ठळक खाचा होत्या. भट्टीचं दार उघडलं की आतली आच उतरते आणि रेघ खाली येते. पाव अर्धवट भाजलेला असताना दार उघडलं तर तो बसतो, हे कारखान्यात शेंबड्या पोरालाही माहीत. मॅनेजरने खाचांवर लाल पेनाने गोल केले आणि भट्टीवाल्या मास्तरांकडे बघून म्हटलं, "मास्तर, वय झालं आता. दार कधी उघडायचं याचा अंदाज चुकतो माणसाचा. पुढच्या आठवड्यापासून गेटवर बसा. खुर्ची देतो, पंखा देतो."

उभं आयुष्य आगीसमोर काढलेल्या माणसाला गेटवरचा पंखा दाखवणं म्हणजे काय, ते त्या खोलीत एकाच माणसाला कळलं. ती कोपऱ्यात बसून नोंदी उतरवत होती. कारखान्यात तिला सगळे सूनबाई म्हणत, कारण ती मास्तरांची सून होती. मास्तर आधीपासून तिथे होते, ती नंतर ऑफिसात लागली. तिला नाव आहे हे पगाराच्या दिवशीच कुणाच्या लक्षात यायचं.

"साहेब," सूनबाई म्हणाली, "मला शुक्रवारपर्यंत वेळ द्या. चारही आलेख मी एका चित्रात आणते. एकाखाली एक, सगळ्यांची वेळ एक. मग ठरवा."

"सासऱ्यांना वाचवायला चित्र काढणार का?" मॅनेजर म्हणाला. सगळे हसले. मावशी जरा जास्तच हसल्या.

"चित्र काढणार," ती म्हणाली. "त्यात कोण वाचतंय ते शुक्रवारी बघू."

बोलून तर बसली. पण आता माघार घ्यायची नाही, हे तिने जिना उतरतानाच ठरवून टाकलं होतं.

बुधवारी तिची सुट्टी होती. सकाळची आवराआवर झाल्यावर तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप मांडला. हाताने चार आलेख एका कागदावर चिकटवणं सोपं होतं. पण हाताने चिकटवलेलं कुणी मानलं नसतं. म्हणून तिने स्क्रिप्ट लिहायला घेतली. म्हणजे संगणकाला पायरीपायरीने सांगायचं, की ही चौघांची आकड्यांची फाइल उघड, प्रत्येकाची वेळ वाच, सगळ्यांना एकाच पट्टीवर बसव, एकाखाली एक रेघा काढ आणि सगळ्यांचं मिळून एकच चित्र करून दे. संगणकाचं डोकं आज्ञाधारक असतं, पण हट्टी नोकरासारखं. सांगितलं तेवढंच करतो आणि त्याचीच शिक्षा देतो.

पहिल्या खेपेला त्याने चारही आलेख एकमेकांच्या अंगावर रचले. दुसऱ्या खेपेला शेजारी-शेजारी मांडले, प्रत्येकाला आपापली पट्टी देऊन, म्हणजे सोमवारची बैठकच पुन्हा भरवली. तिसऱ्या खेपेला तो अडूनच बसला, कारण वायरमन तारीख आधी लिहायचा आणि काका महिना आधी लिहायचे. तिने ते निस्तरलं. मावशींची शंभरापर्यंतची माळरानासारखी पट्टी तिने आखूड केली, तशी त्यांच्या सपाट रेघेतून उतार वर आले. दुपारचं जेवण तिने डावा हात कळफलकावर ठेवून उरकलं.

"त्या डब्याशी लग्न लावलं असतंस तर बरं झालं असतं," सासूबाई ताट उचलता उचलता म्हणाल्या.

"आई, थोडं राहिलंय."

चार वाजता चित्र आलं. वर वीज, तिच्याखाली ऊब-खोली, तिच्याखाली भट्टी आणि तळाला काकांचे बसलेल्या पावांचे खांब. चौघांखाली वेळेची एकच पट्टी. दिसायला इतकं देखणं होतं, की क्षणभर तिला आनंदच झाला. मग तिने ते वाचलं.

ट्रॉली भट्टीत शिरत होती. मागोमाग भट्टीला खाच पडत होती. ती ट्रॉली बसलेली निघत होती. प्रत्येक वेळी. ऊब-खोलीही थंड व्हायची, नाही असं नाही. पण ट्रॉली तिथून निघून गेल्यावर. गेलेल्या पिठाचं रिकाम्या खोलीने काय वाकडं करायचं? मावशी सुटल्या होत्या. वायरमन सुटला होता. अडकले होते फक्त मास्तर, आणि आता लाल पेनाचीही गरज नव्हती.

मास्तर पाळी संपवून घरी आले होते. तोंड पुसत ते तिच्या मागे येऊन उभे राहिले. त्यांना रेघा वाचता येत होत्या. भट्टीच्या तापमानाचा कागद ते रोजच बघत.

"ही माझी भट्टी?"

"हो, बाबा."

"आणि हे खाली, बसलेले?"

"हो."

सासूबाईंनी दोघांचे चेहरे बघितले आणि काय ते ओळखलं. "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ," त्या म्हणाल्या. रागाने नव्हे, पण लागायचं ते लागलं. सूनबाईचे डोळे भरून आले. झाकण मिटावं, फाइल सापडली नाही म्हणून सांगावं, असं तिच्या मनात येऊन गेलं.

"तू गप," मास्तर बायकोला म्हणाले. मग सुनेला म्हणाले, "मी दार उघडतो ते खरंय. पाव बसल्यासारखा काचेतून वाटला की राहवत नाही, उघडून बघतो. आधी बसतो, मग मी उघडतो, असं मला वाटत आलंय. पण वाटण्याला काय अर्थ? तुझ्या यंत्राने उलट दाखवलं तर उलट. जे दिसतंय ते शुक्रवारी दाखव. माझ्यासाठी काही झाकलंस तर मला कुणी गेटवरही बसवणार नाही."

ते बाहेर जाऊन बसले. तिने डोळे पुसले. दाखवायचं तर आहेच, मग निदान आपल्या चुकीने माणूस अडकू नये, म्हणून ती चित्र नखाएवढं नखाएवढं करून तपासायला लागली.

तेव्हा तिला ती पांढरी फट दिसली.

गेल्या आठवड्यात एका सकाळी वीज गेली होती. सबंध कारखान्याची, एकाच वेळी. वीज गेली की नोंदी बंद पडतात, म्हणून चित्रात तेवढी जागा कोरी होती. विजेच्या रेघेत फट, भट्टीच्या रेघेत बरोबर तिच्याखाली फट, काकांच्या खांबांतही तिथेच. सुरीने कापल्यासारखी सरळ. फक्त ऊब-खोलीची फट उजवीकडे सरकलेली. चांगली अर्ध्या तासाने.

आधी तिने स्वतःलाच दोष दिला. स्क्रिप्ट ओळ न् ओळ वाचली. चूक सापडेना. सगळ्यांची वीज गेल्यावर अर्ध्या तासाने ऊब-खोलीची कशी जाईल? तिने कंटाळून मान वर केली आणि स्वयंपाकघरातल्या घड्याळाकडे बघितलं. सहा वाजायला आले होते. म्हणजे पावणेसहाच्या आत-बाहेर, कारण ते घड्याळ पंधरा मिनिटं पुढे होतं. लग्न होऊन आली त्या दिवसापासून ते पुढेच होतं. मास्तरांनी मुद्दाम लावलेलं, कुणाला उशीर होऊ नये म्हणून. घरातलं प्रत्येक माणूस न बोलता मनातल्या मनात वजाबाकी करायचं. पाहुणे मात्र दचकून उठायचे आणि स्टँडवर जाऊन ताटकळत बसायचे.

ती खुर्चीतून उठलीच.

"बाबा, ऊब-खोलीतलं घड्याळ पुढे आहे का?"

मास्तर बाहेरून म्हणाले, "पुढेच असतं ते. भट्टीवर जायच्या आधी मी तिथे होतो ना, तेव्हा लावलंय. अर्धा तास. पीठ वेळेत तयार पाहिजे, नाहीतर भट्टी रिकामी पेटत राहते." मग त्यांनी विचारलं, "का गं?"

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली ती थेट ऊब-खोलीत. दमट गरम हवा तोंडावर आली, चष्मा धुरकटला. मावशी साच्यांवर ओलं फडकं टाकत होत्या.

"मावशी, तापमानाची नोंद घेणाऱ्या यंत्रात वेळ कुणी लावली?"

"मीच लावली. ह्या भिंतीवरच्या घड्याळात बघून."

"पण हे घड्याळ तर पुढे आहे."

"आहेच की. सगळ्यांना माहितीये."

"ऑफिसात कुणाला माहीत नाही."

"तुम्ही येता कुठे इकडे?" मावशी म्हणाल्या. त्यांचं म्हणणं काही खोटं नव्हतं. मग फडकं पिळता पिळता त्यांचा हात थांबला. "म्हणजे आता माझ्यावर येणार का हे?"

"कुणावर येईल ते मला अजून माहीत नाही," सूनबाई म्हणाली. "पण मावशी, उद्या विचारलं तर हेच सांगायचं. पुढे आहे म्हणून."

मावशींनी तिच्याकडे एकदा नीट बघितलं. "सांगेन," त्या म्हणाल्या. "मला कुणाची भीती आहे?"

जेवणाच्या सुट्टीत तिने स्क्रिप्टमध्ये एक ओळ वाढवली: ऊब-खोलीची रेघ एवढी मागे घे, की चौघांच्या फटी एकाखाली एक येतील. चित्र पुन्हा काढलं. जुन्या आणि नव्या, दोन्ही चित्रांच्या प्रती तिने काढून घेतल्या.

शुक्रवारी तिने भिंतीवर आधी जुनं चित्र लावलं. मॅनेजरने ते वाचलं आणि मास्तरांकडे बघितलं, फार सौम्यपणे. जिंकलेल्या माणसाला सौम्यपणा परवडतो.

"हेच तर मी म्हणत होतो," तो म्हणाला. "मुलीने प्रामाणिकपणे काढलंय, कौतुक आहे."

"अजून झालं नाही, साहेब," ती म्हणाली आणि दुसरं चित्र लावलं.

"हे काय? ही रेघ सरकवलीत तुम्ही."

"हो, सरकवली."

खोलीत चुळबुळ झाली. कुणीतरी खोकलं. सासरे म्हटल्यावर सरकवणारच, असं त्या खोकल्यात स्वच्छ ऐकू आलं. तिने आवाज जागेवर ठेवला.

"किती सरकवायची ते मी ठरवलेलं नाही. गेल्या आठवड्यात वीज गेली होती. ती सगळ्यांची एकदम जाते ना?" तिने वायरमनकडे बघितलं.

"एकदमच," वायरमन म्हणाला. "एकच स्विच आहे बाहेर."

"मग पहिल्या चित्रात ऊब-खोलीची अर्ध्या तासाने का गेली?"

मग मावशींनी घसा साफ केला. "घड्याळ पुढे आहे तिथलं. मास्तर आमच्याकडे होते तेव्हापासून. मी यंत्र त्याच्यावर लावलं."

मॅनेजरने मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनी मान डोलावली. स्वतःच लावलेल्या घड्याळाने आपल्यालाच गेटपर्यंत नेऊन सोडलं होतं, हे त्यांना आदल्या रात्रीच कळलं होतं, आणि त्यावर हसावं की रडावं हे त्यांचं अजून ठरलेलं नव्हतं.

"आता खालपर्यंत बघा," सूनबाई म्हणाली. तिने बोट ठेवलं. ऊब-खोली आता आधी थंड होत होती, ट्रॉल्या तिथेच उभ्या असताना. मग ट्रॉली भट्टीत शिरत होती, मग दार उघडल्याची खाच. "पीठ भट्टीत जायच्या आधीच गारठतंय. दार नंतर उघडतंय. आणि ऊब-खोली का गारठते ते तिच्या वर आहे." ऊब-खोलीच्या प्रत्येक उतारावर, बरोबर डोक्यावर, विजेच्या रेघेने उडी मारली होती. "ही उडी कसली?"

वायरमनने मॅनेजरकडे बघायचं टाळलं. "पॅकिंगमधला मोठा पंखा," तो म्हणाला. "हवा बाहेर फेकणारा. माल जास्त असला की सकाळी लावतात."

तो पंखा मॅनेजरने स्वतः निवडून, स्वतः उभं राहून बसवून घेतला होता, पाव लवकर गार व्हावा म्हणून. तो हवा बाहेर फेकायचा, आणि तेवढीच थंड हवा अंगणातून, ऊब-खोलीच्या दाराखालच्या फटीतून आत ओढली जायची. चोर सोडून संन्याशाला सुळी देणं चाललं होतं, आणि चोर घरचा लाडका निघाला.

मॅनेजरने दुसरं चित्र पुन्हा वरपासून खालपर्यंत बघितलं. माणूस वाईट नव्हता. फक्त आपल्या पंख्याच्या प्रेमात होता. शेवटी म्हणाला, "आणि ही दाराची खाच? तिचं काहीच नाही?"

इथे सूनबाईला गप्प बसता आलं असतं. मास्तर सुटले होते. पण चित्र तिने काढलं होतं आणि ते तिने पूर्ण वाचलं होतं.

"आहे," ती म्हणाली. "दार उघडल्यावर उतरलेल्या आचेत मागोमाग जी ट्रॉली जाते, तिच्यातलेही थोडे पाव बसतात. जास्त नाही. पण बसतात. पंखा बंद केला तरी ते राहतील."

तिने मास्तरांकडे बघितलं नाही.

"उद्या सकाळी पंखा बंद," मॅनेजर म्हणाला. "आणि मास्तर, दार बंद. भाजून होईपर्यंत. मग बघू खुर्ची कुणाला द्यायची ते."

घरी जाताना मास्तर तिच्या दोन पावलं पुढे चालत होते. आपलं शेवटचं वाक्य त्यांना लागलं, हे तिला कळत होतं, आणि तरी ते मागे घ्यावंसं तिला वाटत नव्हतं. घराच्या कोपऱ्यावर ते थांबले.

"ऊब-खोलीतलं घड्याळ मी आत्ता निघताना नीट लावून आलो," ते म्हणाले. "घरचं राहू दे. नाहीतर सगळे लोळत पडाल."

सकाळी पंखा बंद होता. मावशींनी दाराखालच्या फटीत पोतं कोंबून ठेवलं होतं, कुणी न सांगता. पहिली ट्रॉली भट्टीत शिरली. सूनबाई काहीतरी कागद हवाय असं दाखवून ऑफिसातून खाली आली आणि पिठाच्या पोत्यांच्या आडोशाला उभी राहिली.

मास्तर दारासमोर होते. काचेतून आत लाल उजेड होता. त्यांचा उजवा हात कडीकडे गेला, आपोआप, इतक्या वर्षांच्या सवयीने. त्यांनी तो ओढून मागे घेतला. पुन्हा गेला. मग त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले, एकाने दुसऱ्याचं मनगट घट्ट धरलं आणि तसेच उभे राहिले, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखे. मनगटावरची बोटं पांढरी पडली होती. पाव आत काय करतोय, ते त्यांना माहीत नव्हतं, आणि माहीत नसताना उभं राहणं त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा केलं.

त्या दिवशी पाव बसला नाही. पहिल्या ट्रॉलीतला नाही, मागच्याही नाही. काका खांब रंगवायला बसले आणि त्यांना रंगवायला काही मिळालं नाही. मॅनेजरने गेटवरच्या खुर्चीचा विषय काढला नाही आणि दुपारी भट्टीपाशी येऊन मास्तरांना म्हणाला, "तुमच्या हाताखाली दोन माणसं देतो. त्यांना शिकवा." त्याच्याकडून एवढी माफी पुष्कळ झाली.

संध्याकाळी सूनबाईने त्या दिवसाचे आकडे स्क्रिप्टला दिले. आता स्क्रिप्ट शहाणी झाली होती. एका दमात चित्र काढून मोकळी झाली. मास्तरांनी खुर्ची ओढली आणि चष्मा लावला.

"विजेची उडी नाही," ते म्हणाले.

"नाही."

"ऊब-खोली नीट आहे. खाली खांब नाहीत." त्यांचं बोट भट्टीच्या रेघेवर आलं. ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सपाट गेली होती, फक्त भाजून झाल्यावर दार उघडतं तिथे वाकलेली. "इथे काहीच दिसत नाही गं. काही केलंच नाही म्हणेल कुणी."

"हो. तसंच दिसतं."

"मला केवढं जड गेलं ते तुझ्या चित्रात नाही आलं."

"नाही आलं," ती म्हणाली. "ते मी पोत्यांच्या आडून बघितलं."